लष्करच्या वाड्यातली दुनळी : एका घराचं प्रकरण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या गोठींमध्ये, म्हणजे मोहल्ल्यांमध्ये, अजून काही मराठी वाडे उभे आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन जाड खुंट्या दिसतात, त्यावर काही टांगलेलं नसतं. तिथे पूर्वी बंदूक असायची. आता ती आतल्या पोलादी कपाटात असते, वर्षातून एकदा खंडेनवमीला बाहेर येते, हळदकुंकू लावून घेते आणि परत आत जाते. परवाना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या नावावर असतो. तो माणूस थकला की घरात एकच प्रश्न उभा राहतो : हिचं करायचं काय?

इथे मांडलेलं प्रकरण कुठल्याही एका खऱ्या कुटुंबाचं नाही. वारशाने आलेली बंदूक असलेल्या घरांत जे जे प्रश्न आणि घोटाळे होतात, ते एकाच घरात बसवून दाखवले आहेत. कायदा, तारखा आणि बंदुकीच्या यंत्राचा तपशील मात्र जसा आहे तसाच दिला आहे.

घर आणि माणसं

वाडा दुमजली, मध्ये उघडा चौक. पुढे दिंडीचा दरवाजा, मागे अरुंद बोळ आणि साडेसहा फुटांची भिंत. भिंतीपलीकडे बोळ ओलांडला की दुसऱ्या घराची स्वयंपाकघराची खिडकी. चौकाच्या कडेला न्हाणीघर, बोअरची मोटर आणि मागच्या खोलीत दोन भाडेकरू विद्यार्थी. घरात आबा (वय ७४), आजी, थोरला मुलगा, सून, सोळा वर्षांचा नातू आणि अकरा वर्षांची नात. धाकटा मुलगा ग्वाल्हेर जिल्ह्यातल्याच भितरवारकडे शेती करतो आणि शेतावरच राहतो.

आबांच्या परवान्यावर दोन हत्यारं आहेत. पहिलं 'डीबीबीएल', म्हणजे मागून भरायची १२ बोरची दुनळी, त्यांच्या वडिलांनी घेतलेली, विलायती बनावटीची. दुसरी पणजोबांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) टोपीदार बंदूक, जी गेल्या पन्नास वर्षांत कुणी उडवलेली नाही. पूर्वी तिसरं ३२ बोरचं रिव्हॉल्व्हर होतं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. तिसरं वर्षभरात ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचं होतं. आबांनी रिव्हॉल्व्हर जमा केलं आणि ठासणीची ठेवली, कारण ती पणजोबांची. घरच्या बचावाचा विचार त्या निवडीत कुठेच नव्हता आणि ते स्वाभाविकच आहे. या भागात बंदूक आधी मान असते, मग हत्यार. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देण्याची योजना निघाली. २०१९ साली ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी परवान्याच्या अर्जदारांना दहा झाडं लावायला सांगितली. परवान्याची ओढ किती, हे प्रशासनालाही पक्कं ठाऊक आहे.

ती रात्र

मे महिना, वीज गेलेली, वेळ रात्री २ वाजून ४० मिनिटं. मागच्या बाजूला पत्रा वाजला. जाग आधी सुनेला आली. तिने नवऱ्याला उठवलं, तो माडीवर आबांच्या खोलीकडे धावला.

इथून पुढचा प्रत्येक टप्पा बघण्यासारखा आहे. कपाटाची किल्ली आबांच्या जानव्याला. आबांना कमी ऐकू येतं, त्यांना जागं करण्यातच अर्धं मिनिट गेलं. किल्ली सोडवली, कपाट उघडलं. दुनळी कॅनव्हासच्या पिशवीत दोन भागांत : नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा. ठेवायची ही पद्धत अगदी योग्य. पण अंधारात जोडायची म्हणजे नळीचा खालचा आकडा खटक्याच्या पेटीत बसवायचा, नळ्या वर आणून कळ लागेपर्यंत दाबायच्या आणि मग पुढची लाकडी पट्टी ठोकून बसवायची. ज्याने हे वर्षातून एकदा, तेही दिवसाउजेडी केलंय, त्याचा आकडा पहिल्यांदा चुकतोच. काडतुसं खाली देवघराच्या खणात. तेही योग्यच, बंदूक आणि काडतूस एकत्र ठेवूच नये. पण त्यासाठी जिना उतरून परत चढावा लागला. पहिल्या आवाजापासून दोन्ही नळ्या भरेपर्यंत पाच मिनिटं उलटली.

सून तेवढ्या वेळात थांबली नव्हती. मुलांना आजीच्या खोलीत घालून तिने आतून कडी लावली, ११२ वर फोन केला, इन्व्हर्टरवरचा चौकाचा दिवा लावला आणि मोठ्याने "कोण आहे तिथे?" म्हणून ओरडली. माणूस एकच होता. बोअरच्या मोटरची तांब्याची केबल कापून त्याने गुंडाळी खांद्यावर टाकली होती. दिवा लागताच तो भिंतीकडे पळाला आणि गुंडाळीच्या ओझ्याने भिंतीवर अडकला. त्याच क्षणी मुलगा माडीच्या सज्जात भरलेली बंदूक घेऊन पोचला. पाठमोरा माणूस भिंतीवर, अंतर अकरा-बारा मीटर. बंदूक खांद्याला लागली. आणि ओरडण्याने जागा झालेला भाडेकरू मुलगा न्हाणीघराच्या आडोशातून नेमका त्याच रेषेत बाहेर आला.

आबांनी मागून हात घालून नळी वर ढकलली. गोळी सुटली नाही. चोर केबलसकट गेला.

सगळे झोपले ते पहाटे. सकाळी सात वाजता झाडू मारणाऱ्या नातीने झोपाळ्याच्या कडीला टेकवलेली दुनळी उचलून बाजूला ठेवली. ती अजून भरलेलीच होती.

गोळी सुटली असती तर

घरात पुढे महिनाभर वाद झाला तो "मारायला हवं होतं" आणि "बरं झालं नाही मारलं" असा. कायदा हा प्रश्न असा विचारत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खाजगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे (जुन्या दंडविधानात ९६ ते १०६). हा हक्क कधी सुरू होतो, कुठवर जातो आणि कधी संपतो, या तीन प्रश्नांवर सगळं अवलंबून असतं. त्या रात्रीची पाच मिनिटं या तीन प्रश्नांवर घासून बघितली की चित्र स्पष्ट होतं.

फक्त पत्रा वाजला तेव्हा हक्क सुरूच झालेला नव्हता. धोक्याची वाजवी धास्ती असावी लागते आणि पत्रा मांजरही वाजवतं. माणूस भिंत चढून आत आला हे कळलं तेव्हा परिस्थिती बदलली. भिंत चढून घरात शिरणं हे कायद्याच्या भाषेत गृहभेदन आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या गृहभेदनाविरुद्ध मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क कलम ४१ प्रमाणे जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. बंदुकीच्या बाजूने बोलणारे इथे थांबतात. त्यांचं हे म्हणणं खोटं नाही, आपला कायदा घरमालकाला वाटतो त्यापेक्षा जास्त अधिकार देतो.

पण त्याच कलमाला ३७ चा लगाम आहे : बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. पाठ करून भिंतीवर अडकलेला, हातात शस्त्र न दिसणारा, केबल घेऊन पळणारा माणूस हा चोर आहे. तो त्या क्षणी कुणाच्या जिवावर उठलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये पंजाबच्या जयदेव प्रकरणात दोन्ही बाजू सांगितल्या. हल्ला होत असताना माणसाने बचाव सोन्याच्या तराजूने तोलावा अशी अपेक्षा करता येत नाही. पण हल्लेखोर पळू लागले की हक्क संपतो, त्यानंतरची गोळी बचावाची राहत नाही. २०१० च्या दर्शनसिंग प्रकरणातही न्यायालयाने हक्काचं उदार वर्णन करूनच त्याच्या मर्यादा सांगितल्या. भिंतीवरच्या माणसाला छर्रे लागून तो मेला असता, तर सद्भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली असं सिद्ध झाल्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला गेला असता. तो कलम १०५ मध्ये येतो, आणि हेतू असेल तर शिक्षा पाच ते दहा वर्षं किंवा जन्मठेप. सद्भावना सिद्ध झाली नाही तर खून. आणि बचावाचा हक्क होता हे दाखवण्याची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम १०८ प्रमाणे आरोपीवर, म्हणजे थोरल्या मुलावर.

भाडेकरूला लागलं असतं तर कसलाच आडोसा उरत नव्हता. कलम ४४ निरपराध माणसाला धोका पत्करायची मुभा देतं, पण फक्त तेव्हा, जेव्हा आपल्यावर जिवघेणा हल्ला चालू आहे आणि तो धोका पत्करल्याशिवाय वाचताच येत नाही. सज्जात उभ्या माणसावर कुणीही हल्ला करत नव्हतं.

आणखी एक गोष्ट घरात कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. परवाना आबांचा आहे, मुलाचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे दुसऱ्याचं हत्यार परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी परवानगीने नेता येतं, पण ते दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी. मुलाने स्वतः उडवणं यात बसत नाही. २०१९ नंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन, कमाल पाच वर्षं आहे. बचावाचा हक्क कोर्टाने मान्य केला तरी परवान्याचा प्रश्न वेगळा शिल्लक राहतो, आणि आबांचा परवानाही रद्द होऊ शकतो. "घरातली बंदूक सगळ्या घराची" ही समजूत या भागातल्या घरांना सर्वांत महागात पडते. त्याबद्दल बोलणारं मात्र कुणी नसतं.

छर्रे कुठवर जातात

दुनळीबद्दल एक भाबडा विश्वास असतो : छर्रे पसरतात, म्हणून नेम नको. साधा हिशेब असा की छर्ऱ्यांचा घोळका दर मीटरमागे सुमारे एक इंच फाकतो. म्हणजे खोलीच्या आत, चार मीटरवर, तो तळहाताएवढाच असतो. नेम लागतोच. बारा मीटरवर तो परातीएवढा होतो आणि मग त्या परातीत कोण कोण आहे हे आपल्या हातात राहत नाही. आबांच्या डब्यात 'एलजी' काडतुसं होती, ज्यात मोजके सहा-आठ मोठे छर्रे असतात. त्यांतला भिंतीवरच्या माणसाला चुकलेला प्रत्येक छर्रा बोळापलीकडच्या खिडकीत जाणार होता.

काडतुसांची अवस्था त्याहून वाईट होती. पितळी टोपीवर हिरवट बुरशी, एकाचं प्लॅस्टिक तोंडाशी फुगलेलं. ग्वाल्हेरचा उन्हाळा कोरडा असला तरी पावसाळा आपलं काम करतोच, आणि देवघराच्या खणात समईचं तेल आणि ओल दोन्ही पोचतात. अशा काडतुसाची ठिणगी उशिरा पेटू शकते. चाप ओढला, काही झालं नाही, म्हणून लगेच नळी उघडली, तर त्याच क्षणी ते तोंडासमोर फुटतं. म्हणून न उडालेल्या काडतुसावर बंदूक सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धं मिनिट थांबायचं असतं. आणखी एक बारीक बाब. जुन्या विलायती दुनळींची काडतुसाची जागा बहुधा ६५ मिलिमीटरची असते. नवं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण न उडवलेलं काडतूस दुमडलेलं असतं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब धोकादायक वाढतो. नळ्यांच्या खाली कोरलेला आकडा वाचल्याशिवाय दुकानातून "१२ बोरचं द्या" म्हणून काडतूस आणू नये.

सकाळी नातीच्या हातात बंदूक होती तेव्हा खटका 'सेफ'वर होता, म्हणून आजीने सुटकेचा श्वास टाकला. तो आधार खोटा आहे. बहुतेक साध्या दुनळींमध्ये सेफ्टी फक्त चाप अडवते. आतले घोडे ताणलेलेच राहतात आणि त्यांना धरणारी खाच जुनी होऊन झिजली असेल, तर बंदूक नुसती पडली तरी उडते. झोपाळ्याच्या कडीला टेकवलेली बंदूक पडायला एक धक्का पुरे. भरलेली बंदूक हातातून खाली ठेवायच्या आधी नळी उघडायची, दोन्ही काडतुसं काढायची, नळ्यांतून उजेड बघायचा, इतकंच करायचं होतं. रात्रीच्या घाबरलेपणात ते राहून गेलं. बहुतेक घरांत ते असंच राहून जातं.

शेजाऱ्यांचा मुद्दा आणि त्याचं वजन

शेजारचे व्यापारी दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "आबा, बंदूक थोरल्याच्या नावावर करून टाका. पोलीस येईपर्यंत कोण आहे आपल्याला?" हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. चंबळच्या खोऱ्याने डाकूंची दहशत पिढ्यान् पिढ्या भोगली. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांच्या पुढे शेकडो डाकूंनी शस्त्रं ठेवली, तोवर इथल्या खेड्यांत बंदूक ही चैन नव्हती. ज्याच्या वडिलांनी ते दिवस पाहिले, त्याला "पोलिसांवर विसंबा" हे सांगणं सोपं नसतं.

हा वाद देशाला नवाही नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिशांनी हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, ही जुनी सल होती. म्हणून काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. कराची ठरावाचा दाखला त्यांनीच दिला. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला : परक्या सरकारच्या काळात ती मागणी का झाली हे समजण्यासारखं होतं, पण सरसकट प्रत्येकाला, गुन्ह्यावरच पोट असणाऱ्यांनाही, असा हक्क देणं राज्याच्या हिताचं नाही. दुरुस्ती पडली. त्यामुळे भारतात बचावाचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, पण बंदुकीचा हक्क कुणालाच नाही, आहे तो परवाना. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे २००८ च्या हेलर खटल्यापासून घरात बचावासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क मानला जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे आकडे त्या देशाचेच असतात. वर्षाला पंचवीस लाख वेळा बंदुकीने बचाव होतो, हा गॅरी क्लेक यांचा १९९५ चा अंदाज. त्याला तिथल्याच संशोधकांनी जोरदार आव्हान दिलं, कारण सरकारी गुन्हे-सर्वेक्षणातून निघणारा आकडा त्याच्या तुलनेत फारच लहान होता. दुसऱ्या बाजूने १९९३ चा केलरमन यांचा अभ्यास दाखवला जातो : घरात बंदूक असेल तर घरात खून होण्याची शक्यता २.७ पट. त्यावरही आक्षेप आहेत, कारण आधीच धोक्यात असलेली माणसंच बंदूक घेतात. दोन्हींतला एकही आकडा लष्करच्या वाड्याला जसाच्या तसा लागू होत नाही. दोन्ही बाजूंच्या संशोधनात ज्याच्यावर त्या मानाने कमी वाद आहे ती गोष्ट वेगळीच : घरात बंदूक सहज हाताशी असली की आत्महत्येचा प्रयत्न जिवावर बेतण्याची शक्यता वाढते. सोळा वर्षांचा, परीक्षेच्या ताणातला मुलगा घरात असताना हे वाक्य दोनदा वाचायला हवं.

एकशे पस्तीस दिवस

वाद निकाली निघाला तो एका जुन्या पावत्यांच्या पाकिटाने. निवडणूक लागली की ग्वाल्हेरमध्ये परवान्याची हत्यारं ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा होतात. विधानसभेची आचारसंहिता ९ ऑक्टोबर २०२३ ला लागली, निकाल ३ डिसेंबरला, म्हणजे ५५ दिवस. लोकसभेची १६ मार्च २०२४ ला लागली, निकाल ४ जूनला, म्हणजे ८० दिवस. आठ महिन्यांत १३५ दिवसांची आचारसंहिता. जमा करायला झालेला उशीर आणि परत आणायला झालेला उशीर एकमेकांत वजा केला तरी जवळजवळ चार महिने या घरात बंदूक नव्हती. त्या चार महिन्यांत घरातल्या एकाही माणसाला ती नसल्याचं जाणवलं नव्हतं.

सुनेने पावत्या पुढे ठेवल्या. त्या रात्री काय कामी आलं याचीही यादी घरातच होती : दिवा, आवाज, कडी आणि फोन. हे चारही ती पाच मिनिटं संपण्याआधी झालं होतं. आमचं मत तिच्या बाजूने आहे. चौकाचा वाडा, भाडेकरू, शाळकरी मुलं, अरुंद बोळ, माणसांनी भरलेला शेजार आणि कमी ऐकू येणारा परवानाधारक, इतकं सगळं एकत्र असताना दुनळी सुरक्षित ठेवली तर वेळेवर हाताशी येत नाही आणि हाताशी ठेवली तर सुरक्षित राहत नाही. यावर मधला मार्ग नाही. नळी जोडून, भरून, उशाशी ठेवणं हा तर मार्गच नव्हे.

भितरवारच्या धाकट्याचं गणित मात्र निराळं आहे. शेतावर एकटं घर, ठाणं लांब, मागे-पुढे दुसऱ्या कुणाची खिडकी नाही, मुलं शहरात शिकतात, आणि राखणीच्या निमित्ताने हत्यार वरचेवर हाताळलं जाईल. बंदूक जर कुठे अर्थ धरत असेल तर तिथे. फक्त एक, रानडुक्कर किंवा नीलगाय मारायची मुभा बंदुकीच्या परवान्यातून मिळत नाही, त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. हे त्याला आधीच सांगून ठेवलं.

कागद

आबांनी शेवटी ठरवलं : दुनळी धाकट्याकडे. वारसाला हत्यार देण्यासाठी मालकाचा मृत्यू व्हावा लागतो, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून तो हयातीतच वारसासाठी अर्ज करू शकतो. आबा दोन्हींत बसत होते. तरीही वारसाला परवाना आपोआप मिळत नाही. त्याची पात्रता नव्याने तपासली जाते : वय २१ पूर्ण, प्रशिक्षणाचा दाखला, शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा डॉक्टरी दाखला, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी, आणि इतर वारसांचं ना-हरकत शपथपत्र. शेवटचं नेहमी अडकतं. इथेही वडोदऱ्याला दिलेल्या मुलीची सही राहिली म्हणून अर्ज महिनाभर थांबला. लग्न झालेली मुलगी वारस आहे हे वकिलाच्या टेबलावर बसेपर्यंत कुणाला सुचलं नव्हतं.

अर्ज आता ऑनलाइन भरायचा, मग छापील प्रत आणि मूळ कागद कलेक्टोरेटच्या शस्त्र शाखेत द्यायचे. पुढे ठाण्याची चौकशी. नियमात ठाण्याच्या अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ६० दिवस आहेत. परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक असायलाच हवा. जुन्या पुस्तिकेवर तो चढवलेला नसेल तर परवाना वैध धरला जात नाही आणि मग सगळ्याच गोष्टी तिथे अडतात. नवा परवाना पाच वर्षांचा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी करायचा, मुदत संपल्यावर नाही. घराबाहेर विकायचं ठरलं असतं तर वाट वेगळी होती : जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं, आणि घेणाऱ्याचा परवाना डोळ्यांनी बघितल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही.

ठासणीच्या बंदुकीवर आबा अडून बसले. कलम ४५ मध्ये जुन्या धाटणीच्या, पुराणवस्तूच्या मोलाच्या किंवा मोडलेल्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनही उडवता येऊ नये. पणजोबांच्या बंदुकीचा घोडा आणि टोपी बसवायचं बोंड शाबूत होतं, नळीही मोकळी. म्हणजे ती कायद्याने बंदूकच, आणि आबांचा परवाना तेवढ्यापुरता चालू ठेवणं भाग. तिच्या दारूचा किंवा टोप्यांचा कणही घरात ठेवायचा नाही, एवढं घरातल्यांनी आपसात ठरवलं.

मागच्या भिंतीवर काट्यांची जाळी आली, चौकात हालचाल झाली की लागणारा दिवा इन्व्हर्टरवर जोडला गेला, मोटरची केबल लोखंडी पाइपात गेली. भाडेकरूंना सांगितलं गेलं की रात्री आवाज झाला तर खोलीबाहेर पडायचं नाही, आतून आपलं नाव घेऊन ओ द्यायची.

हस्तांतराच्या दिवशी दुनळी ठाण्यात दाखवायला नेली तेव्हा काडतुसं मोजली गेली. हा भाग घरात कुणीच धरलेला नव्हता. परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची हे लिहिलेलं असतं, आणि घेतलेल्यांची नोंद दुकानदाराच्या नोंदवहीतही असते. शेवटची खरेदी २५ ची. दहा उडवल्याचं आबांना आठवत होतं, त्यातली सहा थोरल्याच्या वरातीत. (तेव्हाही ते परवान्याच्या अटीत बसत नव्हतं. २०१९ पासून तर लग्नात, मिरवणुकीत, देवळात आनंदाने गोळी उडवणं हा वेगळा गुन्हा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.) म्हणजे १५ असायला हवी होती. डब्यात १३ निघाली. दोन काडतुसं घरात कुठेतरी बेवारस, आणि घरात सोळा वर्षांचा मुलगा. दोन दिवस वाडा उलथापालथा केला. शेवटी ती माळ्यावरच्या पेटीत, वरातीत घातलेल्या बंद गळ्याच्या कोटाच्या खिशात सापडली. आबांनी ती स्वतः ठाण्यात नेली आणि पावतीवर १३ खोडून १५ करून घेतले, सही-शिक्क्यासकट.